अपडेटचा फ्लेक्स

तुम्ही विचारताय गेम चालला का, पण ते मलाच अजून कळलेलं नाही. कॅनडात शिकलो, तरी गेम मराठीतच करायचा म्हणून परत येऊन माण तालुक्यातल्या एका गावात खोली घेतली आणि बैलगाडा शर्यतीचा गेम केला. प्रत्येक अपडेटची घोषणा ऑनलाइन फोरमवर टाकायचो, पण कुणी ढुंकूनही बघायचं नाही. या वेळचं अपडेटही वाया गेलं, तर गाशा गुंडाळून नोकरीच धरायची, असं ठरवलं होतं.

घरमालक तात्या म्हणाले, “चौकात फ्लेक्स लाव की. फोटूंचं मी बघतो.”

सकाळी फ्लेक्स झळकला, ‘नवीन अपडेटबद्दल हार्दिक अभिनंदन!’ मधोमध गॉगल घातलेले तात्या, खाली शुभेच्छुकांचे चेहरे. गेमचं नाव कुठेच नाही!

दुपारी शेजारचे बबनराव दारात उभे. “आमी काय मेलोय व्हय? माजा फोटू कुटाय?”

मी गडबडून म्हणालो, “पुढच्या अपडेटला नक्की टाकतो.”

संध्याकाळपर्यंत दारात ही गर्दी. सगळ्यांचं एकच, “पुढचं अपडेट कधी हाय?”

हे मला आजवर एकाही खेळणाऱ्यानं विचारलं नव्हतं. या अपडेटचं डाउनलोड अजून एकही नाही. पण आता नोकरी तरी कशी धरू? अख्खं गाव अपडेटची वाट बघतंय.