टायर तेवढे शाबूत

तंबाखूच्या मोटारीचं नाव काढलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी घरात काढू देत नाही.

लढाई चालू होती, टायर मिळत नव्हते, आणि आमच्या छोट्या लॉरीचे टायर पार गुळगुळीत झालेले. तेव्हा आमच्या ह्यांनी माझ्या पाटल्या मोडून बेळगावच्या कॅम्पातून लष्कराच्या मोडीतले टायर आणले. आमच्या मापापेक्षा थोरले. मडगार्ड कापून बसवले. किती वजन पेलतं ते टायरवरच छापलं होतं. तेवढं वाचून हे हरखले.

"दुप्पट वजन घेतंय गं! आता निपाणीतनं दुप्पट बोद भरायचे तंबाखूचे."

"आवं, टायर घेतंय. लॉरी घेती का?"

"तुला काय कळतंय मोटारीतलं?"

"मोटारीतलं न्हाय कळत. पर पैलवानाचा जोडा घातला म्हणून तुमी कुस्ती मारणार व्हय?"

घरातले सगळे हसले. तेही हसले, आणि तंबाखूचे ते मोठाले गठ्ठे दुप्पट भरले. माझा विश्वास नव्हता, म्हणून मीही शेजारी बसून गेले.

तवंदीच्या घाटात आधी स्प्रिंगांचे पाटे तुटले, मग मागच्या चाकांचा आस मोडला आणि लॉरी रस्त्यातच बसली. माल ज्याचा होता त्या व्यापाऱ्यानं तो दुसऱ्या मोटारीत चढवला. "पुन्हा दारात येऊ नका," म्हणाला. आमच्याकडे दुसरा धंदा नव्हता, शेत नव्हतं.

हे आपले लॉरीभोवती फिरत टायरवर बुक्क्या मारतायत. "बघ गं, एकालाबी ओरखडा न्हाय!"

"व्हय," मी म्हटलं. "उद्यापासनं तेच शिजवून घालते पोरांना."