खोबरेल तेलाची कॉफी

घाटकोपरला रिपेअरच्या दुकानात माझ्यापुढे एक नवराबायको होते. काउंटरवर त्यांचं सेकंडहँड, दांडी ओढून कॉफी काढायचं मशीन.

"पिस्टनला खोबरेल लावलंस, रेवती? डोक्याचं?"

"साफ करून वंगण लाव म्हणालास ना! घरात तेच होतं."

"त्याचं वेगळं ग्रीस असतं गं! कॉफीला तुझ्या वेणीचा वास येतोय!"

"लग्नाआधी आवडायचा की!"

"वेणीला! कपात नाही! दादा, सगळं खोलून धुवा. जरासुद्धा वास उरता कामा नये."

माझा नंबर आला. मी मिक्सर पुढे केला. माझी बायको शेवंती गेली, तेव्हापासून तो बंदच होता. भांड्याला अजून तिच्या मसाल्याचा वास आहे.

"काका, भांडंही धुवून देतो."

"भांड्याला हात लावायचा नाही! मोटर तेवढी बघ."