टाचेतलं कुसळ

एकोणीसशे एकाहत्तर साली दवाखान्यात माझ्या शेजारी एक सुतार, त्याची शिवणकाम करणारी बायको आणि पाच वर्षांची मुलगी बसली होती. कंपाउंडर मुलीची टाच बघत होता.

"इतकं खोल रुतलेलं लाकडाचं कुसळ काढलं कुणी?"

"हिनं. घरीच!"

"तुम्ही सुतार ना? तुम्ही का नाही काढलंत?"

"माझ्या हातातली मी रोज काढतो हो. पोरीचा पाय धरला आणि माझेच डोळे मिटले."

"बाई, चिमट्यानं ओढलंत?"

"छे, तुटून निम्मं आत राहिलं असतं. सुई उकळून घेतली आणि शिवण उसवतात तशी वरची कातडी हळूहळू उसवली."

"रडलीस का गं?"

"मी नाही. बाबा रडले."

"गप गं!"

"आत तुटलं असतं तर पायाला चीर द्यावी लागली असती. आता नुसतं इंजेक्शन."

"ऐकलंत का मंडळी? नुसतं इंजेक्शन!"

"अहो, हळू बोला. लोक बघतायत."

"बघू देत की!"

पुढे त्या बाईंकडेच मी शिवण शिकले. नजर साथ देईपर्यंत त्या मशीनवर बसल्या. मुलगी शिक्षिका झाली, आता निवृत्त आहे. सुतार मात्र मरेपर्यंत ही गोष्ट सांगत राहिला आणि दर वेळी ते कुसळ पेरभर वाढत गेलं.