पोकलेनच्या गेमचे चार स्टार

हसू नका, पण त्या माती खणणाऱ्या पोकलेनच्या गेमला मी पाच स्टार दिले होते. वर "हुबेहूब खरं मशीन" असं लिहिलंही होतं. तेव्हा मी छावणी भागातल्या सलीमचाचांकडं पोकलेन चालवायला शिकत होतो, म्हणून त्यांनाही मोबाईलवर गेम दाखवला. वीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस. बराच वेळ बघून म्हणाले, "लई भारी बनवलंय. पण बेटा, ऊन एवढं कडक दिसतंय, आन् माणूस कुठंच नाय?"

"चाचा, माणसं मधी आली तर खेळायचं कसं?"

त्यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवशी साइटवर जेवणाची सुट्टी संपायच्या आतच मी केबिनमध्ये चढलो. इंजिन सुरू केलं. मशीन मागं घ्यायला लिव्हरला हात घातला, तेवढ्यात चाचा अनवाणी पळत आले.

"बंद कर! हात काढ आधी!"

मी बंद केलं.

"उतर. मागं जाऊन बघ."

मागं पोकलेनच्या लोखंडी चेनला टेकून, मशीनच्या सावलीत तीन बाया जेवायला बसल्या होत्या. एकीच्या हातातला भाकरीचा तुकडा तोंडापाशीच थांबला होता.

"चढायच्या आधी मशीनला एक चक्कर मारायची असती," चाचा हळूच म्हणाले. "गेममध्ये शिकवलं नाय?"

संध्याकाळी मी चार स्टार काढून घेतले आणि लिहिलं, "यात मशीनला सावली आहे, पण सावलीत जेवायला कुणी बसत नाही."

खाली कुणीतरी विचारलंय, "मग त्यानं काय बिघडलं?"