उस्तिन्याच्या बरगड्यांवरचे वळ

नाव: फाइना झाखारोव्हना कोस्तारेवा. वय: ५४ वर्षे. धंदा: स्केटिंगच्या रिंकवर बर्फ सारखा करण्याचं यंत्र चालवणे. शिक्षण: आठवी, तीही ढकललेली. राहणार: पेर्म, मोतोविलिखा भाग, रिंकच्या मागची पाच मजली इमारत. दिनांक २० फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी सव्वाबारा.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेलं नाही, मी आपली आपण आले. बाहेर बाकावर प्लातोन रेदकिन, वय १९, सकाळी नऊपासून बसून आहे. त्याची स्केटची पिशवी त्याच्या मांडीवर आहे. त्याची आणि उस्तिन्या मेलेखिना, वय १६, हिची कझानची गाडी आज चार वाजून दहा मिनिटांनी आहे. उद्या तिथे स्केटिंगच्या जोड्यांची निवड आहे. म्हणून जे लिहायचं ते जरा भराभर लिहावं, असं मी लेफ्टनंट शिलोव्हाबाईंना सुरुवातीलाच सांगितलं.

मला समजलं ते असं, की काल गुरुवारी शाळेच्या नर्सबाईंना तपासणीत उस्तिन्याच्या डाव्या मांडीवर काळंनिळं आणि बरगड्यांवर दोन्ही बाजूंना बोटांचे वळ दिसले. मुलगी म्हणाली, पडले. कुठे, कधी, ते सांगेना. रिंकच्या वेळांच्या तक्त्यावर सोमवार ते बुधवार पोरांची हॉकी होती, जोड्यांना बर्फ नव्हता. त्यांचे गुरू गेर्मान इल्यिच यांनीही तेच सांगितलं. म्हणजे बर्फावर लागलं नाही, म्हणजे मुलानं मारलं, असा हिशेब इथे झाला. तो चूक आहे. त्या तीनही दिवशी पहाटे पाच ते साडेसहा ती दोघं बर्फावर होती. बर्फ मी उघडला. मला तशी परवानगी नव्हती.

का उघडला असं विचारल्यावरून सांगते की, ही जोडी सहा वर्षांची आहे. ती दहाची होती, तो तेराचा, तेव्हापासून मी त्यांचे बर्फावरचे ओरखडे बुजवते आहे. गेल्या वर्षात मुलगी सहा सेंटिमीटर वाढली. जोडीत मुलगी वाढली की उचलणं, फेकणं, सगळं नव्याने बसवावं लागतं, नाहीतर गुरू जोडी मोडतात आणि तिला उंच मुलगा शोधतात. गेर्मान इल्यिच दर महिन्याला तिला दाराच्या चौकटीला लावून मोजतात. ती गुडघे वाकवून उभी राहते. ते म्हणतात, "सरळ उभी राहा गं, चौकटीला डोळे आहेत. आणि घरी सांग, हिचं दूध बंद करा म्हणून." कझानला जमलं तर जोडी राहील, नाही जमलं तर नाही, असं त्यांनी एक तारखेला दोघांना सांगितलं. आणि नेमके शेवटचे तीन दिवस हॉकीला गेले.

रविवारी दोघं माझ्या यंत्राच्या खोलीत आली. प्लातोन भिंतीला टेकून उभा. मुलगी म्हणाली, "फाया मावशी, मी मुद्दाम नाही वाढले." मी म्हटलं, रडायचं असेल तर बाहेर, इथे आधीच ओल आहे. पाचला मागच्या दाराशी या.

मंगळवारी ती मांडीवर पडली. प्लातोन तिला कमरेला धरून हवेत फेकतो, ती तीन गिरक्या घेऊन एका पायावर उतरते. स्पर्धेच्या कपड्यात आत मार झेलायची गादी चालत नाही, म्हणून तिने गादी काढून ठेवली होती. अकरा वेळा पडली. मी यंत्राखालचा बर्फ पिशवीत भरून तिला शेकायला दिला. प्लातोन म्हणाला, "उस्त्या, बास आज." ती म्हणाली, "तू फेक, पडायचं काम माझं आहे." बाराव्या वेळी उतरली. मांडीचं काळंनिळं त्या अकरांचं.

बरगड्यांचं बुधवारचं. ते माझ्याकडून झालं, हे लिहून घ्यावं.

हॉकीच्या गोलची जाळी दोन्ही टोकांना दोन-दोन खुंट्यांवर बसवतात. खुंटीला बर्फात भोक पाडतात. जाळी बाजूला केली की भोकात बर्फ आणि पाणी ठासून ते बुजवावं लागतं. चारही भोकं. हे काम मी एकवीस वर्षं करते. बुधवारी मी तीनच बुजवली. यंत्र चालू केलं असतं तर दिसलं असतं, पण आवाजाने पहारेकरी उठला असता, म्हणून चालू केलं नाही.

त्याने तिला डोक्यावर उचललं होतं, हात ताठ, वेग पुरता. त्याच्या स्केटचं टोक चौथ्या भोकात गेलं. अशा वेळी हात सोडले तर मुलगा वाचतो आणि मुलगी डोक्यावर येते. त्याने सोडले नाहीत. तिला बरगड्यांना आवळून छातीशी ओढलं आणि स्वतः पाठीवर खाली गेला. ती त्याच्या अंगावर पडली. तिच्या केसातली पिन पण हलली नाही. तिच्या कोपराने त्याची हनुवटी फुटली, चार टाके आहेत. जिन्यात घसरलो असं तो सगळ्यांना सांगतो. शिलोव्हाबाईंनी त्याची हनुवटी पाहिली असेलच. मुलीनं प्रतिकार केला म्हणून फुटली, असं त्यांनी लिहिलं असेल तर तेही खोडावं.

ते वळ मारल्याचे नाहीत. न सोडल्याचे आहेत.

मग दोघं बोलली का नाहीत असं विचारलं असता सांगते की, बोलली असती तर माझी नोकरी गेली असती. काल संध्याकाळी मी प्लातोनला गाठून विचारलं, पोलिसांना काय सांगणार आहेस. तो म्हणाला, "काही नाही. तुम्ही तुमचं यंत्र बघा, मावशी." आजवर मला कोणी इतक्या प्रेमानं गप्प बस म्हटलेलं नाही. रात्री मी ऐकलं त्याचं. सकाळी ऐकलं नाही.

मागच्या दाराची किल्ली मी येण्याआधी संचालकांच्या टेबलावर ठेवली आहे. काय झालं तेही सांगितलं. ते म्हणाले, सोमवारी बघू. बघू दे. खात्री करायची असेल तर कोणी रिंकवर यावं. उजवीकडच्या जाळीचं डावं भोक मी अजून तसंच ठेवलं आहे, भोवती मिठाचे रिकामे डबे लावून. स्केटच्या टोकाचा ओरखडा आत दिसतो.

शिलोव्हाबाईंनी इथे लिहिणं थांबवून रिंकवर माणूस पाठवला. तो एक वाजून वीस मिनिटांनी परत आला आणि ओरखडा आहे म्हणाला. शेजारच्या खोलीत बसवलेल्या उस्तिन्याला आत बोलावून माझ्यासमोर विचारलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, अगं बोल, गाडी माझ्यासाठी थांबणार आहे का. मग तिने सगळं सांगितलं. उभी होती, गुडघे सरळ.

वर लिहिलेलं मला बाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं. पहिल्या कागदावर प्लातोनच्या नावापुढे 'संशयित' असं होतं. ते मी मान्य केलं नाही. बाईंनी ते खोडून 'जोडीदार' लिहिलं आणि बाजूला सही केली. आता माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून मीही सही करते. वेळ दोन वाजून पाच मिनिटे. बाहेरचा बाक रिकामा आहे.

सही: फा. झा. कोस्तारेवा