वरची ओळ

माणहून कासारवाडीला जाणाऱ्या बसमध्ये निशिगंधा लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसली होती. पुढच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ आणि एक तरुण बोलत होते.

"आमच्या निरंजनचा लॅपटॉप त्याच्या कंपनीला देऊन आलो. म्हंजी त्यानं लिवलेलं समदं गेलंच की."

"नाही काका. तारखा मराठीत दाखवायचा प्रोग्राम त्यानं घरी बसून लिहिला होता. तो नेटवर आहे, लोक वापरतात."

"अजून? त्याला जाऊन दोन महिनं झालं."

"अजून."

"फुकट देऊन टाकला व्हय त्यानं?"

"फुकटच. पण लायसन्स लावून."

"गाडीचं असतंय तसलं?"

"तसलं नाही हो. वापरा, बदला, हवं तर विका. अट एकच. फाईलमध्ये वर त्याच्या नावाची ओळ आहे, ती काढायची नाही."

"म्हंजी दर कापीवर निरंजनचं नाव हाय?"

"दर कॉपीवर."

"मी चाकणला तीस वर्षं गिअर कापलं. एकावर बी माझं नाव न्हाई. पोरानं बरं केलं. ... आन् कुणी काढली ती ओळ, तर?"

"कोण कशाला काढेल, काका? अशी किती जागा खातेय ती?"

निशिगंधाने बॅग छातीशी ओढून घेतली. गेल्याच आठवड्यात तिनं ऑफिसच्या कामासाठी नेटवरून घेतलेल्या कुणाच्या तरी फाईलवरच्या अशाच ओळी, उगाच जागा खातात म्हणून, पुसून टाकल्या होत्या. पुसताना नाव वाचलं होतं तिनं. ती ते आठवत राहिली. नाशिक फाटा गेला, कासारवाडी आली, तरी तिला ते आठवलं नाही.