चौपन्न हजार वेळा झोपलेली डिस्क

—नाही हो, लाईटीनं नाही गेली ती. बसा ना, उभे काय राहिलात? काय म्हणालात मघाशी? "नंदाताई, फक्त एक ओळ लिहून द्या — स्विच अचानक बंद केल्यामुळे हार्ड डिस्क खराब." वा! झकास मराठी आहे तुमचं, देवदत्तसाहेब. मरोळच्या स्टुडिओत व्हिडिओ एडिट करता की पंचनामे लिहिता? आणि स्विच कुणी बंद केला, तर सपनानं. शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं. म्हणजे डिस्क घाटकोपरला माझ्या दुकानात यायच्या आधीच निकाल लागलाय, मी आपला शिक्का मारायचा — हो ना?

इकडे बघा, स्क्रीनवर. माझ्याकडे नका बघू. हार्ड डिस्क स्वतःची नोंद स्वतः ठेवते. किती वेळा चालू झाली, किती वेळा थांबली, सगळं. तिला ना तुम्ही माहीत, ना सपना. काय आकडा आहे? वाचा. मोठ्यानं वाचा ना. चौपन्न हजार! सव्वा वर्षात! आता सपनानं चौपन्न हजार वेळा स्विच बंद केला म्हणता? मग ती एडिटिंग कधी करत होती यार?

मी सांगते काय झालंय. वीज वाचवायची सेटिंग — पाच मिनिटं काम नसलं की डिस्कनं फिरायचं थांबायचं, झोपायचं. सेटिंग वाईट नाही हं. आठवड्यातून एकदा कॉपी ठेवायला जी डिस्क लागते, तिला लावा ना, घोरू दे खुशाल. पण तुम्ही काय केलंत? चारही डिस्कना एकच नियम. चला, सगळ्या झोपा! त्यात या कामाच्या डिस्कवर तुमचा बॅकअपचा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी डोकावणार — काही नवीन आलं का? मग ही उठणार, गरगर फिरणार, नाही बाबा काही नवीन, की परत आडवी. सव्वा वर्ष! तुम्हाला कुणी दर दहा मिनिटांनी उठवलं तर तुम्ही चौथ्या दिवशी माणसं चावाल. हिनं सव्वा वर्ष काढलं, मग कटकट करायला लागली. वीज मात्र वाचली हं. एक ट्यूबलाईट पेटेल तेवढी नक्की.

काय? "एका ठिकाणी वाचलं होतं"? सगळ्यांनीच वाचलेलं असतं. मीसुद्धा वाचलं होतं — जाऊ दे. तुमचं मटेरियल निघेल, घाबरू नका. ही मरायला टेकलीय, मेली नाहीये. सगळ्यांचं एवढं नशीब नसतं.

माझ्या बाबांची गायन पार्टी होती. राजाराम आणि मंडळी. जयंतीच्या महिन्यात भांडुप ते चेंबूर, एक संध्याकाळ रिकामी नाही. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेत ऐकू जायचं, असा गळा. ते गेल्यावर माझ्या धाकट्या भावानं, चैतन्यनं, घरोघर फिरून त्यांच्या कॅसेटी गोळा केल्या. एकसष्ट! सगळ्यांना बुरशी. एकेक पुसून कशीबशी एकदा वाजवायची, तेवढ्यात डिस्कवर उतरवून घ्यायची, की टेप तुटायची. दोन वर्षं खपला तो. आणि त्याची हुशार ताई, जिचं नवीन नवीन दुकान — तिनं घरच्या तिन्ही डिस्कना पाच मिनिटांची झोप लावली. त्याला विचारलं? कशाला विचारते! मी शहाणी ना!

दुसरी कॉपी? ती कॉपी करायची राहिली होती, साहेब. माझीच राहिली होती.

गेली ती डिस्क. पार गेली. नेमकी त्याच दुपारी चैतन्यनं डिस्कच्याच बोर्डात इस्त्री लावलेली. मला म्हणाला, "ताई, इस्त्रीमुळे झालं का गं?" तोवर मी हा आकडा बघितला होता. हाच, असाच. आणि मी म्हटलं — असेल. बस. एवढंच म्हटलं, असेल.

सहा वर्षं झाली. मेट्रोच्या कामावर सुपरवायझर आहे तो, शंभर माणसं हाताखाली. माझ्या घरी आला की मोबाईलचा चार्जर माझ्या हातात देतो — ताई, तूच लाव. जयंतीला कुणी म्हणालं, राजारामदादांचं एखादं गाणं लाव रे, तर हात जोडतो, "माझ्या हातून गेलं." सगळ्या वस्तीसमोर. मी तिथंच असते. खुर्च्या लावत असते.

असो. हा तुमचा कागद. मी लिहिलंय — वीज वाचवायच्या सेटिंगमुळे डिस्क वारंवार थांबत-सुरू होत राहिली, त्यानं झिजली. नाव कुणाचंच नाही घातलं, ते तुम्ही सांगायचं. सपनाला मालक सोमवारपासून येऊ नको म्हणालेत ना? आज शुक्रवार आहे, ते अजून ऑफिसात असतील. आणि नवीन डिस्क घ्याल, तिची झोप पूर्ण बंद. कॉपीच्या डिस्कना अर्धा तास ठेवा. दोन्ही वेगळं. कळलं?

काय? चैतन्यला?



हे बघा, तुमचं काम झालंय. रिक्षा समोरच मिळेल. उचला तो कागद आणि निघा.